बर्फाची सोयरीक

थांगमो,
१२ सप्टेंबर २००९

ती. आशे कनीजा हिला धाकट्या भावाचा स. वि. वि.

तुझी जर्दाळूंची पिशवी जीपवाल्याने आणून दिली. आली तेव्हा अर्धीच होती. रस्ता खराब, वाटेत सांडले, असं तो म्हणाला. त्याच्या तोंडाला जर्दाळूचाच वास येत होता, तेव्हा कुठे सांडले ते मी विचारलं नाही.

आता आधी नीट बैस आणि मग पुढचं वाच. आम्ही लग्न काढलंय. मूसाचं नव्हे, त्याचं होऊन सात वर्षं झाली. बर्फाचं.

यंदा आपला पाट जुलैतच अर्ध्या वाटेवर मेला. लहानपणी आपण गच्चीवरून जी पांढरी हिमनदी बघायचो, ती बघायला आता अख्खी धार चढून जावं लागतं. रुसलेल्या जावयासारखी मागे मागे सरकली आहे. हिवाळ्यात बर्फाच्या जागी पाऊस पडतो. उन्हाळ्यात पाणी येतं ते एका दिवसात चिखल होऊन येतं, बांध घेऊन जातं, आणि मग महिनाभर ठणठणाट. सातू कसाबसा हाती आला. त्यामागून पेरलेला कुट्टू फुलावर आलाच नाही.

चाळीसपैकी चौदा घरांनी उघड सांगितलं की हा इथला शेवटचा हिवाळा. पंधरावं घर माझं आहे. मूसाने स्कर्दूत खोली बघून ठेवली. पोरगा वाईट नाही ग. मला, बापाला, म्हणाला, अता, पाणी नाही तर मुलांना काय दगड शिजवून घालू? गावाने हातपाय हलवले तर थांबेन, नाहीतर वसंतात निघेन, असं त्याने सांगितलंय. माझी बतूल तेव्हापासून सुनेशी जास्तच गोड बोलते. ते ऐकून मला भीती वाटते.

म्हणून सभा भरवली. आपल्या आजोबांनी, अपोने, आपल्याला धारेखालचा तो खळगा दाखवला होता, आठवतं? जिथे ऊन कधी उतरत नाही. तिथे जुन्या लोकांसारखं नर आणि मादी बर्फ एका खड्ड्यात पुरून नवी हिमनदी लावायची ठरली. नवरा घरचाच आहे, बाजूच्या घळीतला काळा बर्फ. अंगभर दगड, आणि पाणी देताना हात आखडता. थेट आपल्या गावच्या पुरुषांसारखा. पण नवरी दुसऱ्या खोऱ्यातलीच हवी, आणि तुमच्या लुंगखोरच्या पांढऱ्या बर्फासारखी नवरी या मुलखात नाही. आतून निळी, आणि रात्रंदिवस पाणी देणारी.

तर मी तुमच्या गावची मुलगी मागतो आहे. गावचे कारभारी म्हणजे तुझे दीर, तेव्हा हाजी काज़िमांच्या कानावर तूच घाल. तू दोन्हीकडची, म्हणजे अर्धं काम झाल्यातच जमा.

पायाच्या दुखण्यावर तूप चोळ, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
यावर

---

लुंगखोर,
२ ऑक्टोबर २००९

चि. नोनो यावर यास आशेचे अ. उ. आ.

अर्धं काम झालं म्हणे. तुला काय जातं लिहायला? इथे मी हाजीभावजींसमोर तीन संध्याकाळी लोणी घातलेला चहा घेऊन बसले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या संध्याकाळी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वहिनी, आमची नवरी स्वतःच वाळत चालली आहे, ती काय परक्या गावाला देणार?

ते खोटं नाही, नोनो. आमच्याकडेही पाणी आधीसारखं राहिलं नाही. पण तुमच्यापेक्षा पुष्कळ बरं आहे, आणि तू मागितलंस म्हटल्यावर मला झोप येईना. मी रोज त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसते. माझ्या सुना तोंडाला पदर लावून हसतात.

शेवटी काल गाठ कुठे आहे ते सापडलं. बावन्न वर्षांपूर्वीची आहे. माझ्या लग्नात आपल्याकडची मंडळी दुसऱ्या जेवणाला न बसता उठून गेली होती, रस्सा पाणचट आहे म्हणून. हे मला माहीत होतं, पण ते अजून मोजतात हे माहीत नव्हतं. भावजी म्हणतात, ज्यांना आमचा रस्सा पाणचट वाटला, त्यांना आज आमचं पाणी गोड कसं लागतं?

तेव्हा तू स्वतः चालत ये. जीपने नको, जीप दिसली तर तेवढ्यावरून आठ दिवस जातील. त्यांच्या घरी बैस, वाढतील ते खा, वाडगं रिकामं झालं की पुढे कर. आणि नोनो, रश्श्याबद्दल काहीही बोलू नकोस. चांगलासुद्धा म्हणू नकोस. गप्प राहून खा.

येताना बतूलच्या हातची आक्रोडाची चटणी आण. ती सोयरिकीसाठी नाही, माझ्यासाठी.

तुझी वाट बघणारी,
आशे

---

थांगमो,
२५ ऑक्टोबर २००९

ती. आशेला स. वि. वि.

घरी पोचून आठवडा झाला, अजून पोट जागेवर आलं नाही. अकरा वाडगी, आशे. नवव्याला माझे डोळे पांढरे झाले होते आणि हाजीसाहेब माझ्याकडे न बघता मोजत होते. अकराव्यानंतर त्यांनी हात धुतले आणि ठीक आहे म्हणाले. तेवढ्या दोन शब्दांसाठी मी आणखी अकरा खाल्ली असती. येताना उतारावर मी चक्क गात होतो. मेंढ्या पळाल्या.

गावात लगीनघाई चालू आहे. खळग्यात खड्डा खणून झाला. कोळसा, भुसा, पाण्याने भरायचे तुंबे, वर घालायची बकरीच्या केसांची घोंगडी, सगळं तयार आहे. स्कर्दूच्या पाणीखात्यातून एक मोजणीवाल्या बाई आल्या होत्या. दोन दिवस खळग्यात बसून थंडी मोजली, वारा मोजला. जाताना म्हणाल्या, तुमचे नवरानवरी मला कळत नाहीत, पण वारा इथे बर्फ आणून टाकतो आणि ऊन येत नाही, तेव्हा सासर चांगलं निवडलंत.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बर्फ वाहणाऱ्याचं मन स्वच्छ हवं. त्या वर्षात ज्याने पाण्यावरून भांडण केलं असेल त्याने करंडीला हात लावायचा नाही. आता मला सांग, अशा वर्षात बारा माणसं आणायची कुठून? सभेत विचारलं तेव्हा सगळे बुटांकडे बघत बसले. शेवटी मी उठलो आणि कबूल केलं की ऑगस्टमध्ये फिदाच्या पाळीचं पाणी मी घटकाभर आधीच वळवलं होतं. फिदा म्हणाला, मला ठाऊक होतं, म्हणून तर दुसऱ्या दिवशी मी तुझं वळवलं. मग काय, एकेक जण उठायला लागला. दुपारपर्यंत अख्ख्या गावाने अख्ख्या गावाचं पाणी चोरल्याचं बाहेर पडलं. सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं, बायकांनी चहा ठेवला, आणि बारा माणसं मिळाली.

एकट्या मूसाला माफी मागावी लागली नाही. तो यंदा कुणाशी भांडलाच नव्हता. लोकांनी त्याची पाठ थोपटली, माझा हात पुढे झाला नाही. ज्याचं मन गावातून निघालं तो पाण्यासाठी कशाला भांडेल? असो. नवरी आणायला जी सहा माणसं येतील त्यांत तो आहे. नवऱ्याच्या सहांत फिदा आहे. करंडी पाठीवर आली की खड्ड्यात रिकामी होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हे फिदाला कसं जमणार याची सगळ्यांना काळजी आहे. तो आतापासून सराव करतोय. त्याची बायको मला विचारून गेली की हे लग्न वर्षभर चालवता येईल का.

अकरा नोव्हेंबरला पहाटे सहाजण तुमच्याकडून उचलतील. करंडी जमिनीला टेकायची नाही, दम लागला तर काठीवर टेकवायची. उचलताना आणि खड्ड्यापाशी तर कुणीच बोलायचं नाही, हे तुमच्या पोरांना बजावून सांग.

तुझ्या आशीर्वादाचा हक्कदार,
यावर

---

लुंगखोर, ११ नोव्हेंबर, सकाळ

नोनो, मायना राहू दे. नवरी नाही ही.

करंड्यांना शकुनाचं लोणी लावायला आम्ही बायका पुढे झालो. मी आत हात घातला. वरचा थर पांढरा, ताज्या हिमाचा. त्याखाली तळहाताला रेती लागली, खडे लागले. नवरीच्या अंगाला हात लावला तर हात स्वच्छ निघतो. हा आमच्या घळीतला काळा आहे. भावजींनी काल सगळ्यांना खाली थांबवून आपल्या दोन मुलांकडून बर्फ काढवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

करंड्या पाठीवर चढल्या होत्या, म्हणजे कुणी बोलायचं नाही. बोलले असते तर सगळं तिथेच बाटलं असतं. गप्प राहिले तर तू दोन नवरे पुरशील आणि मूसा जाईल. मग सुचलं की बोलायला मनाई आहे, लिहायला कुठे आहे? हे घराच्या भिंतीवर कागद धरून लिहिते आहे. वळणावर त्यांना गाठून मूसाच्या कोटात घालीन.

पुरू नकोस. मी इथे बघते.

आशे

---

धारेखालचा खळगा,
१२ नोव्हेंबर

ती. आशे,

हे पत्र तुला मूसाच देईल. तो एक शब्द बोलणार नाही. का, ते पुढे वाच.

काल तिन्हीसांजेच्या आधी दोन्ही वराती खळग्यावर आल्या. मूसाने तुझा कागद माझ्या हातात दिला. त्याने तो उघडलासुद्धा नव्हता. मी वाचला. ओरडावं तर खड्ड्यापाशी बोलायचं नाही. तोवर पुढचा माणूस करंडी ओतायला वाकला होता. मग मी काय केलं असेल? मी खड्ड्यात उडी मारली. दोन्ही हात पसरून उभा राहिलो, एका हातात तुझा कागद. सत्तरीला आलेला माणूस. वरून बारा तोंडं माझ्याकडे बघत होती. मला वेड लागलं असं फिदाला वाटलं असणार, पण बिचाऱ्याला म्हणता येईना.

मूसा खाली उतरला, कागद घेतला, वाचला. डोळे बारीक करून परत वाचला. मग एकेकासमोर धरला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्याने करंडीत हात घालायला लावला. रेती सगळ्यांना वाचता आली.

मला वाटलं, झालं, आता करंडी फेकून हा थेट स्कर्दूला जाणार. त्याने तसं काही केलं नाही. तुमचा काळा बर्फ बाजूच्या लहान खळग्यात ओतवला, करवला म्हणून बसवला. आपल्या नवऱ्याच्या सहा करंड्यांतल्या तीन खड्ड्यात उतरवल्या आणि भुशाने झाकल्या. राहिलेल्या तिनांतली फिदाच्या पाठीवरची त्याने स्वतःच्या पाठीवर घेतली, जमिनीला न लावता. आणि धारेकडे बोट दाखवलं. तुमच्या गावाकडे.

मला कळायला थोडा वेळ लागला. उचललेला नवरा परत नेता येत नाही, खाली ठेवता येत नाही. त्याला नवरीच्या दारातच उतरवायचं. तर आशे, नवरदेव तुमच्या दारी येतो आहे. सोबत फक्त दोघे, त्यांतला एक फिदा. त्याने दुसऱ्याची करंडी ओढून घेतली, मागे राहायला तयार नव्हता.

मी इथे खड्ड्यापाशी बसून आहे.

यावर

---

लुंगखोर,
१४ नोव्हेंबर २००९

चि. नोनोस अ. उ. आ.

हे पत्र नवरीसोबत येतं आहे. आधी तेवढं वाचून घे आणि श्वास सोड.

काल सकाळी तिघे हाजीभावजींच्या अंगणात येऊन उभे राहिले. दाढ्यांवर गोठलेला बर्फ, पाठीवर करंड्या. सलाम नाही, बसणं नाही, चहाला हात नाही. भावजी बाहेर आले आणि काय पाहिजे विचारलं. उत्तर नाही. मी मात्र करंडी वाहत नव्हते, तेव्हा माझं तोंड मोकळं होतं. मी म्हटलं, भावजी, परवा तुम्ही नवरीच्या कपड्यात नवरा पाठवलात, म्हणून थांगमोवाल्यांनी खरा नवरा दाखवायला आणलाय.

गाव गोळा झालं. भावजी चिडले. कोण म्हणतं, कुणी पाहिलं, बायकांच्या हाताला काय कळतं. ते तिघे नुसते बघत होते. माणूस भांडला तर भांडता येतं रे, गप्प माणसाशी किती भांडणार? भावजी बोलत राहिले आणि बोलता बोलता आवाज उतरत गेला. मग त्यांनी सांगितलं की गेली बावीस वर्षं ते दर शरदात आपल्या काठीने बर्फ मोजतात. एकशे चाळीस पावलं मागे गेला आहे. कुणाला बोलले नाहीत, गाव घाबरेल म्हणून. घरची मुलगी दिली की तिच्यामागून घरचं पाणी जातं, असं त्यांच्या बापाने सांगितलेलं. त्यांना भीती वाटली.

मी म्हटलं, मलाही दिली होती या घरी. दिल्याने माझ्या माहेरचं काय गेलं?

ते माझ्याकडे बघून म्हणाले, वहिनी, तुझं माहेर कोरडं पडलं ना.

नोनो, माझं तोंड उतरलं असेल. तुला खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की बरोबर बोलतायत, मीच आणलं असेन सगळं पदरात बांधून. मग मूसाकडे बघितलं. पोराने करंडी अजून टेकवली नव्हती. आणि मला शब्द सापडले. मी म्हटलं, पडलं ना? मग बावन्न वर्षं त्या पाण्यावर तुम्ही जेवलात. आता परत द्यायची वेळ आली. आणि फुकट मागत नाही आम्ही. साटंलोटं करू. तुमची मुलगी आमच्याकडे, आमचा मुलगा तुमच्याकडे. घरजावई दारात उभा आहे, त्याला बसायला जागा दाखवा.

मागून कुणीतरी हसलं. भावजींना हसायचं नव्हतं, पण दाढी हलली. बराच वेळ काठीने जमीन उकरत राहिले. मग हळूच म्हणाले की वरच्या कुरणामागे उत्तरेकडचा एक खळगा तीन वर्षांपासून त्यांच्या नजरेत आहे. नवरा मागायला थांगमोला यायची लाज वाटत होती. अकरा वाडगी तुला खाऊ घातली आणि स्वतः एक मागता आलं नाही, असा माणूस.

त्यानंतर जे झालं ते बघायला तू हवा होतास. सगळं गाव कुदळी घेऊन वर. सांजेपर्यंत तुमचा नवरा आमच्या खळग्यात आमच्या नवरीशेजारी झोपला. करंड्या रिकाम्या झाल्यावर फिदा जो सुटला तो रात्रीच्या जेवणापर्यंत थांबला नाही. मूसा मात्र बोलला नाही. त्याची करंडी रिकामी झाली होती, बोलायला हरकत नव्हती. मी विचारलं तर मान हलवली आणि थांगमोकडे बोट दाखवलं. तिकडचं झाल्यावर, असं म्हणायचं असावं.

नवरीचा बर्फ आज दिवसभर सगळ्यांसमोर काढला. माझा हात घालून बघितला, स्वच्छ निघाला. निळा आहे नोनो, बतूलच्या लग्नातल्या मण्यांसारखा. उद्या पहाटे सहा करंड्या निघतील. एक मूसाकडे, एक फिदाकडे, आणि एक कुणाकडे ते ओळख. भावजी ऐकतच नाहीत. त्यांच्या मुलांनी वय काढलं तर म्हणाले, मुलीला सासरी पोचवायला बाप नाही तर कोण जाणार?

त्यांना जेवायला वाढ. किती वाडगी, ते तू ठरव.

माहेरची वाट कधी न विसरलेली,
आशे

---

थांगमो,
१९ नोव्हेंबर २००९

ती. आशेच्या चरणी थांगमोच्या चाळीस घरांचा स. वि. वि.

झालं लग्न.

नवरी पंधराला संध्याकाळी आली. हाजीसाहेब शेवटच्या चढावर दर चौथ्या पावलाला थांबत होते. फिदाने त्यांची करंडी घ्यायला हात पुढे केला, तर काठीने त्याच्या नडगीवर टोला दिला. दोघांनाही बोलता येत नव्हतं, म्हणून भांडण लवकर मिटलं. नवरीला नवऱ्याशेजारी बसवलं, मध्ये तुंबे, भोवती कोळसा, वर भुसा, घोंगडी, दगड. दुआ झाली. त्यानंतर हाजीसाहेबांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द म्हणजे रस्सा. मी चार वाडगी वाढली आणि पाचव्याला विचारलंच नाही. त्यांनी स्वतः वाडगं पुढे केलं. आशे, ते बघून मला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही.

जेवणाआधी खळग्यातच सभा झाली, ती सांगायची राहिली. नवीन बर्फाला राखणदार लागतो. दर शरदात वर जायचं, भुसा घालायचा, हिम रचायचं, दगड नीट करायचे. बारा वर्षं, तेव्हा कुठे तो आपल्या पायांवर उभा राहतो आणि पाणी सोडतो. बारा वर्षं गाव सोडता येत नाही. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आमच्यात कोण तेवढा जगणार? तरुण जमिनीकडे बघायला लागले. ज्या चौदा घरांनी सामान बांधलंय त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही. माझ्याकडेही कुणी बघत नव्हतं, ते मला जास्त लागलं.

मूसाने करंडी पाठीवरून काढली. पाच दिवस त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. घसा बसलेला, आधी नुसती हवाच आली. खाकरला, थुंकला, आणि म्हणाला, बारा वर्षं माझी.

बतूल खालून चढून आली होती. तिने मला विचारलं, काय म्हणाला? तिला ऐकू गेलं होतं ग, तिला फक्त परत ऐकायचं होतं. फिदाने सांगितलं, मोठ्याने, तीनदा.

आता वसंतात तू इकडे ये. चालवत नसेल तर करंडीत घालून आणू, पण आणूच.

तुझ्या मायेवर जगणारा,
यावर